पट्टी तिरकी का झाली? चौथीच्या वर्गातला भागाकार

सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. बाईंच्या दोन्ही वर्गांची मिळून वीस-बावीस पोरं, एकच खोली आणि दोन फळे. शाळेचं आणि बाईंचं नाव मुद्दामच देत नाही. साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करायला, माझं या शाळेत जाणं-येणं होतं. भागाकार शिकवताना बाईंनी जे केलं ते मी मागे बसून पाहिलं आहे.

‘यंत्रं बनवून गणित शिकवलं, मुलांना खूप मजा आली’ या छापाचे अहवाल आपण सगळ्यांनीच लिहिलेत आणि वाचलेत. मजा येतेच. पोरांना नुसतं पटांगणात नेलं तरी येते. या वर्गात मला बघायचं होतं ते दुसरंच. पोरांनी हाताने बनवलेल्या वस्तूने भागाकाराच्या समजेत नेमका कुठे फरक पडतो आणि कुठे काहीच पडत नाही?

अडचण कुठे होती

चौथीतल्या बहुतेकांना भागाकाराची मांडणी येत होती. भाजक डावीकडे, भाज्य आत, वर भागाकार, खाली वजाबाकी, मग पुढचा अंक खाली उतरवायचा. 84 भागिले 4 बिनचूक करायचे. पण तोंडी विचारलं, ‘बारा लाडू पाच जणांत वाटले तर?’ तर वर्ग गप्प. थोड्या वेळाने एक मुलगा म्हणाला, ‘भाग जात न्हाय, बाई.’ दुसऱ्याने वहीत मांडून दोन बाकी दोन असं उत्तर काढलं. त्या बाकीच्या दोनचं काय, असं विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, ‘ती खाली लिहायची असती.’

दुसरी खोड आणखी परिचयाची. 612 भागिले 6, उत्तर 12. मधल्या एकात सहा बसत नाही म्हणून पुढचा दोन उतरवला, बाराला भाग लावला आणि वर शून्य द्यायचं राहून गेलं. सहाशेच्या वर लाडू सहा जणांत वाटून प्रत्येकाला फक्त बारा कसे, हा प्रश्न कुणाला पडला नाही. वहीतली संख्या आणि लाडू यांची गाठच पडलेली नव्हती.

ही काही एका वाडीची गोष्ट नाही. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी 30.7 टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. 2022 साली हे प्रमाण 25.6 टक्के होतं. म्हणजे सुधारणा झाली आहे, तरी दहांतली सात पोरं अजून अडतात.

बाईंनी तोवर नेहमीचे उपाय करून पाहिले होते. चिंचोके वाटले, काड्यांचे गट केले, गणित पेटीतल्या वस्तू काढल्या. चिंचोके वाटताना सगळ्यांना जमायचं आणि वहीकडे वळलं की पुन्हा तेच. शिवाय चिंचोक्यांमध्ये एक मेख असते, ती बाईंनीच मला दाखवली. उत्तर चुकलं तरी चिंचोके काही बोलत नाहीत. पोरगं पाच ढीग करतं, एका ढिगात एक जास्त जातो, आणि ते बाई येऊन सांगेपर्यंत कळत नाही. एका वेळी दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेला प्रत्येक ढिगापाशी पोचणं शक्य नसतं.

यंत्रं कशी आली

यंत्रांचा विषय गणितातून आलाच नव्हता. शाळेच्या भिंतीचं काम निघालं होतं आणि गवंड्याने पहारीने एक भला मोठा दगड उलथताना पोरांनी पाहिला. पहारीखाली छोटा दगड का घातला, यावर वर्गात वाद झाला. बाईंनी तो धागा धरला आणि परिसर अभ्यासाच्या तासाला साधी यंत्रं बनवायला घेतली.

मुख्याध्यापकांनी लगेच शंका काढली की हे सहावीला आहे. खरंच आहे. तरफ, टेकू, भारभुजा, बलभुजा हे शब्द सहावीच्या सामान्य विज्ञानातले. बाईंनी शब्द बाजूला ठेवले आणि वस्तू घेतल्या. घरून पोरांनी अडकित्ता, विळी, चिमटा, पाचर, मोडकी बाटलीची झाकणं, दोऱ्याची रिकामी रिळं आणली. एका आजोबांनी येऊन मोट कशी चालायची, बैल धावेवरून खाली का उतरवायचे आणि मागे सरताना का जपायचं, हे इतकं रंगवून सांगितलं की मधली सुट्टी उलटून गेली. रिळाची कप्पी झाली, फळीची उतरण झाली. तिसरीच्या पोरांनी झाकणांची चाकं लावून काडेपेटीचा गाडा केला. तो सरळ कधी गेला नाही, पण त्यांचा त्यावर फार जीव.

ही सगळी यंत्रं बाईंना गणितालाही वापरायची होती. प्रत्यक्षात भागाकाराला कामी आली ती दोनच, तरफ आणि जुनी सायकल. बाकीच्यांचं काय झालं ते पुढे येईलच.

नाण्यांवर अडलेली गाडी

तरफेची सुरुवात प्लास्टिकच्या 30 सेंटिमीटरच्या पट्टीने झाली. खाली पेन्सिल, दोन्ही बाजूंना एक रुपयाची नाणी. एकीकडे टेकूपासून चार सेंटिमीटरवर तीन नाणी ठेवली तर दुसरीकडे सहा सेंटिमीटरवर किती लागतील? दोन लागायला हवीत. लागत नव्हती. एका गटाला दोन पुरत, दुसऱ्याला पुरत नसत आणि तिसऱ्या गटाची पट्टी कुठल्याच बाजूला थांबायला तयार नसे.

कारणं दोन निघाली. पहिलं एका मुलीने शोधलं. तिने दोन नाणी एकावर एक ठेवली आणि खालचं मोठं दिसलं. एक रुपयाचं 2011 नंतरच्या मालिकेतलं नाणं 22 मिलिमीटर व्यासाचं, 3.79 ग्रॅम वजनाचं. 2019 च्या मालिकेतलं 20 मिलिमीटरचं, 3.09 ग्रॅमचं. पाच जुनी नाणी 18.95 ग्रॅम भरतात आणि सहा नवी 18.54. एकीकडे पाच आणि दुसरीकडे सहा रुपये ठेवून पट्टी जवळजवळ समतोल राहते, मग भागाकार कसा जुळणार! बाजारात रुपयाला रुपया असतो, तरफेला फक्त वजन कळतं, हे त्या तासाला पोरांना आपोआप कळलं.

दुसरं कारण रचनेतलं. पेन्सिलीवर ठेवलेली पट्टी म्हणजे टेकू खाली आणि सगळं वजन त्याच्या वर. जराशी कलली की कलतच जाते. ती समतोलात थांबून राहत नाही. यावर बाईंनी गावातल्या सुताराकडून साधारण मीटरभर लांबीची, दोन बोटं रुंदीची लाकडी पट्टी आणली. मधोमध, पण वरच्या काठाजवळ एक भोक पाडून त्यातून ती दोरीने तुळईला टांगली. खालच्या काठाला मधल्या रेषेपासून दोन्हीकडे दर पाच सेंटिमीटरवर एकेक बारीक भोक, आणि प्रत्येक भोकात कागदाला लावायची तारेची क्लिप कायमची अडकवलेली. दोन्ही बाजूंना सारख्याच क्लिपा असल्याने त्यांचं वजन एकमेकांत फिटतं. भोकांना पोरांनी नाव दिलं ‘घरं’. मधून सुरू करून डावीकडे एक ते नऊ, उजवीकडे एक ते नऊ. नाण्यांऐवजी नळाच्या दुकानातून एकाच मापाचे लोखंडी वॉशर.

टेकू वर आणि वजन खाली आल्यामुळे ही पट्टी कलली तरी हेलकावे खात पुन्हा आडवी येते. अशा साधनात एवढा एक तपशील चुकला तर पोरं शिकतात ते भलतंच, म्हणून तो इथे लांबवून सांगितला.

पट्टी विचारते ते प्रश्न

डावीकडे सहाव्या घरात दोन वॉशर. उजवीकडे चौथ्या घरात किती लावले की पट्टी आडवी होईल? पोरांनी एक लावला, डावी बाजू खालीच. दोन, तरी खाली. तिसरा लावला आणि पट्टी आडवी आली. बाईंनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. पुढचं: डावीकडे तेच राहू दे, उजवीकडे आता तिसऱ्या घरात. मग दुसऱ्या घरात. मग पहिल्या घरात, तिथे बारा वॉशर दोऱ्यात ओवून टांगावे लागले. चौथीतल्या एकाने मग स्वतःच सांगितलं, ‘बाई, हितं बारा हाय. बाराला त्या घराच्या नंबरानं भागायचं.’

मग फळ्यावर आलं: 12 ÷ 4 = 3, 12 ÷ 3 = 4, 12 ÷ 2 = 6, 12 ÷ 1 = 12. भाजक लहान होत गेला की भागाकार वाढत जातो, हे आपण नियम म्हणून सांगतो. इथे मधल्या रेषेच्या जवळ सरकलं की जास्त वॉशर लागतात, हे प्रत्येकाच्या हाताला कळत होतं.

आणि एकाने अर्थातच सगळे वॉशर मधल्या दोरीलाच, शून्यावर बांधून पाहिले. डावी बाजू खालीच. आणखी बांधले तरी तशीच. ‘कितीबी लाव, त्याला काय फरकच पडत न्हाय.’ शून्याने भागता येत नाही, हे वाक्य बाईंनी त्या दिवशी उच्चारलं नाही आणि त्याची गरजही नव्हती. मोठ्या वर्गांत तो नियम म्हणून येईल तेव्हा या पोरांकडे निदान एक चित्र असेल.

आता भागाकारातल्या ‘बाकी’ची गोष्ट. या सगळ्या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो.

डावीकडे बारा तसेच, सहाव्या घरात दोन वॉशर. उजवीकडे पाचव्या घरात किती? दोन लावले की डावी बाजू किंचित खाली. तिसरा लावला की उजवी बाजू खाली जाते. पोरं बराच वेळ दोन-तीन, दोन-तीन करत राहिली. ‘भाग जात न्हाय’ म्हणणारा मुलगा म्हणाला, ‘बघा, मी सांगितलंच हुतं.’ गटातली एक मुलगी मात्र पट्टीकडे बघत बसली होती. एरवी गणिताच्या तासाला ती कधी हात वर करत नसे. तिने पाचव्या घरात दोन वॉशर राहू दिले आणि तिसरा काढून दुसऱ्या घरात टांगला. पट्टी आडवी.

तिला विचारलं, दुसऱ्या घरातच का? ती म्हणाली, ‘दोन पाची दहा झालं. बारा व्हायला दोन पाहिजेत. मग दोनच्या घरात एक.’

बाईंनी तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं: 12 = 5 × 2 + 2. पुस्तकात ‘भाज्य = भाजक × भागाकार + बाकी’ अशी चौकट असते, पोरं ती पाठ करतात आणि उत्तराच्या ताळ्यापुरती वापरतात. इथे तो ताळा लाकडाच्या पट्टीवर टांगलेला होता. त्यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे बाकी आता ‘खाली लिहायची’ वस्तू राहिली नव्हती. तिला वजन होतं. ती काढून टाकली तर पट्टी तिरकी होत होती. पाचव्या घरात आणखी एक लावून बाकी संपवता का येत नाही, हेही दिसत होतं, कारण तिथला प्रत्येक वॉशर पाचाचा असतो आणि उरलेत दोनच. बाकी भाजकापेक्षा लहान का असते, याचं उत्तर एरवी ‘असतेच’ असं दिलं जातं.

पुढचे काही तास पोरांनीच एकमेकांना गणितं घातली. 17 भागिले 5 घातलं तेव्हा अडचण आली की डावीकडे सतरा करायचे कसे? एकाच घरात बसवायचे तर पहिल्या घरात सतरा टांगावे लागतात. मग आठव्या घरात दोन आणि पहिल्यात एक अशी जोडी लागली. 11, 13, 17, 19 या संख्या एका घरात नीट बसत नाहीत हे त्यांनी टिपलं आणि त्यांना ‘आडमुठ्या संख्या’ म्हणायला लागले. मूळ संख्या पाचवीत येतात. बाईंनी नाव सांगितलं नाही, आडमुठ्याच राहू दिल्या. मला ते आवडलं.

तोच भागाकार, पण उलटा

इथवर विचारलेला प्रश्न असा होता: घर ठरलेलं, वॉशर किती? भागाकाराच्या भाषेत ही गट करण्याची रीत. पाच-पाचचे किती गट होतात? पाठ्यपुस्तकातली बरीच उदाहरणं मात्र वाटणीची असतात. तीन जणांत वाटले तर प्रत्येकाला किती? दोन्हीला आपण एकच चिन्ह वापरतो आणि मोठ्यांना फरक जाणवत नाही. मुलांना जाणवतो. चिंचोक्यांनी पाचाचे ढीग करणं आणि पाच ढिगांत वाटणं या हाताच्या दोन वेगळ्या हालचाली आहेत.

बाईंनी पट्टीवर प्रश्न उलटवला. डावीकडे बारा. तुझ्या हातात तीनच वॉशर आहेत आणि तिन्ही एकाच घरात लावायचे. कुठल्या घरात? आता वॉशर म्हणजे माणसं झाली आणि घराचा नंबर म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं. तीन वॉशर सरकत सरकत चौथ्या घरात थांबले.

मग डावीकडे तेरा केले, सहाव्या घरात दोन आणि पहिल्यात एक. हातात तीनच वॉशर. चौथ्या घरात डावी बाजू खाली, पाचव्यात उजवी. या वेळी बाकी टांगायला चौथा वॉशरच नाही. पोरांनी तिन्ही वॉशर एका दोऱ्यात ओवले, दोरा पट्टीभोवतीच बांधला आणि चार-पाचच्या मधे सरकवत नेला. चारच्या थोडं पुढे पट्टी आडवी आली. मोजून पाहिलं तर मधल्या रेषेपासून साडेएकवीस-बावीस सेंटिमीटर. हिशोबाने 21.67 यायला हवं, म्हणजे चार घरं आणि पाचव्याकडच्या वाटेचा तिसरा हिस्सा.

म्हणजे गट करायला गेलं तर बाकी उरते आणि वाटायला गेलं तर ती तुकडे होऊन वाटली जाते. तेरा पोळ्या तीन जणांत वाटल्या तर तेरावी मोडून खातात. तेरा जणांना तीन-तीनच्या रिक्षात बसवायचं तर एक जण खाली उरतो. गणित एकच, उत्तर परिस्थितीवर. अपूर्णांकाचं प्रकरण पुस्तकात वेगळं असतं, पण त्याचा जन्म इथे होतो. मी अनेक प्रशिक्षणांत हा फरक शब्दांनी समजावून सांगितलाय आणि शिक्षकही माना डोलावतात. एकाच पट्टीवर दोन्ही प्रश्न विचारता येतात हे मी या वर्गात पहिल्यांदा पाहिलं.

सायकल

व्हरांड्यात मुख्याध्यापकांची जुनी काळी सायकल असे. ती स्टँडवर लावून पोरांनी पुढच्या चक्राचे दात मोजले. एका दाताला खडूची खूण करून सुरुवात केली, तरी तीन वेळा वेगवेगळे आकडे आले, आणि हात ग्रीसने काळे झाले. शेवटी 44 ठरले. मागच्या फ्रीव्हीलचे 18. मागच्या चाकाच्या एका आरीला लाल दोरा बांधला. प्रश्न असा की पायडल एकदा पूर्ण फिरवलं तर मागचं चाक किती फिरेल?

पहिल्या खेपेला चाक फिरतच राहिलं. फ्रीव्हील असल्याने पायडल थांबलं तरी चाक स्वतःच्या जोरावर पळतं. टायरला एकाने हलका हात लावून धरायचा आणि दुसऱ्याने सावकाश पायडल फिरवायचं, हे ठरल्यावर मोजणी जमली. दोन फेरे पूर्ण आणि वर थोडं.

वहीत 44 भागिले 18, भागाकार 2, बाकी 8. ‘थोडं’ म्हणजे आठ दात. मग चाक किती पुढे गेलं? पट्टीवर बाकी टांगणारी तीच मुलगी म्हणाली, ‘अर्ध्याला एक दात कमी.’ अठराचे अर्धे नऊ, आणि गेलेत आठ. एवढ्या नेमक्या उत्तराची कुणाचीच अपेक्षा नव्हती.

लाल दोरा पुन्हा मूळ जागी कधी येईल, हा प्रश्न तिसरीतल्या एकाने विचारला. चौथीच्या पोरांनी पायडल फिरवत वहीत रेघा ओढल्या. पायडलचे नऊ फेरे झाले तेव्हा चाकाचे बरोबर बावीस झाले होते. 44 नवे 396, आणि 18 बावीसे 396. हा लसाविचा मामला. तो बाईंनी तिथेच सोडला, नाहीतर तास भलतीकडेच गेला असता.

जे जमलं नाही

कप्पीचा बेत फसला. दोऱ्याच्या रिळाची हलती कप्पी केली की ओझं निम्म्या जोराने उचलता येतं, म्हणजे दोनने भागाकार, असा बाईंचा विचार होता. बारा वॉशरचं ओझं असेल तर दुसऱ्या टोकाला सहा लावले की तोल साधायला हवा. प्रत्यक्षात पाच लावले तरी ओझं जागचं हलत नव्हतं आणि आठ लावले तरी नाही. रीळ तारेवर घासत होतं. घर्षण दोन्ही बाजूंनी अडवतं, वर जायलाही आणि खाली यायलाही. शिवाय हलत्या रिळाचं स्वतःचं वजन ओझ्यात मिळतं ते वेगळंच. ‘मंग खरं उत्तर कुठलं?’ हा पोरांचा प्रश्न विज्ञानाच्या तासाला सोन्यासारखा आहे. भागाकाराच्या तासाला तो घोळ घालतो. बाईंनी कप्पी गणितातून काढून टाकली, आणि मला तो निर्णय पूर्ण पटला. उतरणीचंही तसंच. लांबी भागिले उंची हे गुणोत्तर चौथीच्या आवाक्याबाहेरचं, आणि फळीवरचं घर्षण तर रिळापेक्षा वाईट.

आणि 612 भागिले 6? पट्टीने त्यात काडीचाही फरक पडला नाही. पट्टीवर तेरा समजून उमजून भागणारी पोरं वहीत 612 ला पुन्हा 12 लिहीत होती. यात नवल नाही. पट्टीला स्थानिक किंमत माहीत नसते. तिथे शतक-दशक-एकक नाहीत, सगळे वॉशर सुटे. ही चूक मांडणीतली आहे आणि ती खेळातल्या नोटांनीच सुटली. शंभराच्या सहा, दहाची एक, रुपयाची दोन नाणी. सहा पोरं समोर उभी केली. शंभराची एकेक नोट प्रत्येकाला. दहाची एकच नोट सहा जणांना देता येत नाही, म्हणजे दहाच्या खान्यात प्रत्येकाच्या हातात काहीच नाही, तिथे शून्य. मग दहाची नोट मोडून दहा रुपये, अधिक दोन, बारा. प्रत्येकी दोन. हातात शंभराची एक नोट आणि दोन रुपये धरून उभं असलेलं पोरगं ‘मला बारा मिळाले’ म्हणत नाही.

म्हणून ज्यांना हा प्रयोग आपल्या वर्गात करायचाय त्यांनी आधी चुकांची वही उघडावी. बाकीचा अर्थ, शून्याने भागणं, गट आणि वाटणी यांतला फरक, भाजक वाढला की उत्तर घटतं ही समज, एवढ्यासाठी टांगती पट्टी चांगली. मांडणीतल्या चुकांसाठी ती काढून ठेवलेली बरी.

पाढ्यांचा प्रश्न

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकांनी विचारलं, ‘बाई, हे वॉशर-बिशर ठीक आहे, पण पाढे कधी पाठ करणार?’ आवाजात खोच होती. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी पट्टी तिथेच टांगली, डावीकडे आठव्या घरात सात वॉशर लावले आणि दोन मुलांना बोलावलं. उजवीकडे सातवं घर. एकाने एकेक वॉशर लावत, पट्टीकडे बघत आठवर आणलं. दुसऱ्याने मनात ‘सात आठे छप्पन्न’ म्हणून आठ वॉशर मोजून एकदम टांगले. ‘दोघांचंही बरोबर आलं,’ बाई म्हणाल्या, ‘पण पाढे येणाऱ्याला पट्टीची गरज फक्त खात्री करायला लागली.’

पालकांचा मुद्दा रास्तच होता, असं माझं मत आहे. कृती करून शिकायचं म्हणजे पाठांतर सोडायचं, असा एक गैरसमज आपल्याकडे प्रशिक्षणांतूनच पसरला. या वर्गात ज्यांचे पाढे कच्चे होते ती पोरं दर वेळी वॉशर मोजण्यातच अडकत होती. बाकीकडे बघायला त्यांना उसंत मिळत नव्हती. ती मुलगी ‘दोन पाची दहा’ क्षणात म्हणू शकली म्हणून तिला उरलेले दोन दिसले. बैठकीनंतर बाईंनी रोज परिपाठानंतर दहा मिनिटं पाढ्यांना दिली आणि पट्टी आठवड्यातून दोन दिवसांवर आणली.

सध्या पट्ट्या तीन झाल्यात. दोन पोरांनी बांबूच्या कामट्यांच्या केल्या. त्यातली एक मुळातच डावीकडे जड आहे, तिला उजव्या टोकाला ओल्या मातीचा गोळा चिकटवून समतोल केलाय आणि माती वाळून हलकी झाली की तो पुन्हा करावा लागतो. तिसरीच्या पोरांना यंदा भागाकार सुरू होतोय. बाईंचा विचार आहे की त्यांना मांडणीच्या आधी पट्टी द्यावी, आणि तीही वाटणीच्या प्रश्नापासून, म्हणजे ‘तीन वॉशर कुठल्या घरात?’ असं विचारून. माझं म्हणणं आहे की आधी गट करण्याचा प्रश्न घ्यावा, कारण त्यात एकेक वॉशर लावत मोजता येतं आणि ते वजाबाकीच्या जवळचं आहे. यावर आमचं एकमत झालेलं नाही. दोन गट करून दोन्ही रीतींनी सुरुवात करून बघायचं, एवढं ठरलंय.